आजोबांची सात-वीसची गाडी

प्रिय मनू,

परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांनी टाळ काढून दाखवले, तेव्हा तू मला दोन प्रश्न विचारलेस. ट्रेनमध्ये अनोळखी माणसांसमोर ते मोठमोठ्याने भजनं कशी काय म्हणायचे? आणि बॉम्ब फुटले तरी दुसऱ्या दिवशी त्याच ट्रेनने का गेले? घाईघाईत फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहिते.

विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास लोकलमध्ये. घरी पोचलं की जेवायचं आणि आडवं व्हायचं. छंद जोपासायला वेळ उरायचा तो फक्त गाडीत. कुणी मांडीवर ब्रीफकेस ठेवून रमी खेळायचं. आमच्या लेडीज डब्यात मटार सोलून व्हायचे, मेथी निवडून व्हायची, क्रोशाचे रुमाल पुरे व्हायचे. संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं, तिळगूळ आणि वाण सगळं चालत्या गाडीत. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं बांधून पूजा. 1992 साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली, तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता!

आजोबांची सात-वीसची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, दरवाजासुद्धा ठरलेला. गाडी सुटली की 'जय जय राम कृष्ण हरी', मग रूपाचा अभंग, मग तुकोबा, कुणाचा गळा लागला असेल तर एखादी गवळण. पखवाज गर्दीत कोण आणणार? डब्याच्या पत्र्यावरच थाप. उतरायच्या आधी पसायदान आणि मूठभर साखरफुटाणे. कुरकुर करणारेही असायचे, "अहो, झोपू द्या की जरा!" मला विचारशील तर त्यांचंही खरं होतं. सकाळी सकाळी तो दणदणाट मलाही सोसायचा नाही. पण तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा द्यायची, हा रिवाज त्या डब्यात कधी मोडला नाही.

गंमत म्हणजे वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून गाणाऱ्या या मंडळींना एकमेकांची पुरती नावंही माहीत नव्हती. एक 'वसईवाले', एक 'बँकवाले', एक नुसतेच 'मास्तर'. घर कुठे, मुलं किती, कशाचा पत्ता नाही.

11 जुलै 2006, मंगळवार. संध्याकाळी 6:24 ते 6:35, अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड, सगळी आमच्या रोजच्या वाटेवरची ठिकाणं. 180 हून जास्त माणसं गेली, 800 च्या वर जखमी झाली. रुळांलगतच्या झोपड्यांमधली माणसं चादरी घेऊन धावली आणि त्यात घालून जखमींना उचलून नेलं. मी फोर्टच्या ऑफिसातून निघून चर्चगेटला पोचले तर गाड्या बंद. दादरपर्यंत चालत आत्याकडे गेले. वाटेत लोक पाणी, बिस्किटं हातात देत होते. मोबाईल लागतच नव्हते. आजोबा त्या दिवशी लवकर निघाल्यामुळे घरी पोचले होते, हे मला रात्री उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. पेपरांत 'मुंबई स्पिरिट'चं कौतुक आलं. मला तो शब्द आजही आवडत नाही. निम्मे लोक खाडा परवडत नाही म्हणून गेले होते, आणि पोटात भीती सगळ्यांच्याच होती. आजोबांच्या शिल्लक रजा होत्या. आजीने दार अडवलं तर म्हणाले, "बाकीचे आहेत की नाहीत, हे मी घरी बसून कुणाला विचारू?" त्या माणसांचा एकच पत्ता त्यांना ठाऊक होता, तो म्हणजे सात-वीसचा तो डबा.

त्या दिवशी टाळ पिशवीतून निघालेच नाहीत. प्रत्येक स्टेशन आलं की सगळे दाराकडे बघायचे. वसईवाले चढले, मास्तर चढले. बँकवाले आले नाहीत. त्यांच्याकडे फर्स्ट क्लासचा पास होता आणि येताना ते त्या डब्याने यायचे. कुठली बँक, तेही कुणी कधी विचारलेलं नव्हतं. महिनाभराने ते एका कानात कापूस घालून आले. त्या कानाने त्यांना पुढे ऐकू आलंच नाही, त्यामुळे ताल चुकायचा. मंडळी त्यांच्या तालावर म्हणायला लागली.

हे कुणी केलं, असंही तू विचारशीलच. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवलं. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची निर्दोष सुटका केली आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. एवढ्या वर्षांनीही याहून सरळ उत्तर माझ्यापाशी नाही.

बँकवाले परत आले त्याच आठवड्यात आजोबांनी एक वही केली. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, घरचा फोन, रक्तगट. वसईवाल्यांचं आडनाव आमच्याच गावच्या शेजाऱ्यांचं निघालं, आणि मास्तर शाळेत नव्हतेच, पोस्टात होते!

तुझी,
आई