कुमरानच्या स्तोत्रांमधली भावना खरी की पाठ केलेली?

तुम्ही विचारलंय की मृत समुद्राच्या गुंडाळ्यांमधली, म्हणजे कुमरानच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांमधली स्तोत्रं हा खरा धार्मिक अनुभव आहे की नुसती साचेबंद भाषा. मला तर हा 'की'च पटत नाही, आणि याच्यावरून सहा वर्षं माझ्या सख्ख्या मोठ्या भावाशी माझं भांडण चालू आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागकडचे. बाबा गेले तेव्हा दादा म्हणाला, कद्दिशमधला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायच्या प्रार्थनेतला, एक अरामी शब्द मला कळत नाही, पोपटपंची करून दुःख दाखवायचं हे ढोंग आहे, मी नाही म्हणणार. मग मीच म्हटलं, अकरा महिने. कद्दिशला दहा पुरुष लागतात, ते जमवतानाच नाकी नऊ यायचे. आणि त्या कद्दिशमध्ये मृत्यूचं नावसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती. पहिले सहा महिने मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी, शेवटी 'ओसे शालोम' या ओळीला तीन पावलं मागे जायचं असतं ना, तर तिसऱ्या पावलाला टाच बाकाला लागली, बाबा बसायचे त्या बाकाला, आणि आवाजच फुटेना. शेजारच्या काकांनी पुढचे शब्द हळू म्हटले, मी त्यांच्या मागून म्हटले. हे ढोंग?

होदायोत, म्हणजे या गुंडाळ्यांमधली आभाराची स्तोत्रं वाचा, १९४७ ला पहिल्या गुहेत सापडलेली. बऱ्याच स्तोत्रांची सुरुवात तीच, 'प्रभू, मी तुझे आभार मानतो', आणि मग मी म्हणजे पाण्यात मळलेली माती, आणि त्याच मातीला तू उचलून देवदूतांच्या मंडळीत उभं केलंस. एका ठिकाणी पहिलटकरणीच्या वेणा आहेत, ते वाचताना अंगावर काटा येतो. शब्द ठरलेले असले म्हणून वेणा खोट्या होत नाहीत. ज्या ज्यू पंथाची ही स्तोत्रं, त्यात काय वाटायला हवं तेही शिकवायचे, त्यांच्या नियमग्रंथात सुरुवातीलाच आहे की प्रकाशाच्या मुलांवर प्रेम करायचं आणि अंधाराच्या मुलांचा द्वेष. मूर्खासारखं मोठ्याने हसलं तर ३० दिवस शिक्षा, सभेत झोपलं तरी तेवढीच. पंथात येण्याच्या कराराच्या विधीत याजक आशीर्वाद देणार, लेवी, म्हणजे याजकांचे मदतनीस, शाप देणार, आणि सगळे मिळून 'आमेन आमेन'. आधी शब्द तोंडात बसतात, भावना मागून येते.

हां, ही स्तोत्रं नेमकी कोण आणि कधी म्हणायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काही तर पंथाच्या पुढाऱ्याची, म्हणजे 'नीतिमान गुरू'ची स्वतःची असावीत असं बरेच जण मानतात. द्वेषाच्या त्या ओळी मलाही झेपत नाहीत. आणि माझं कद्दिश हा काही कुमरानचा पुरावा नाही, मधे कित्येक शतकं गेलीत.

पण मनात वाचून ठरवू नका, मोठ्याने वाचा, दोनचार जण बरोबर घेऊन, आठवडाभर तरी. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही म्हणून सोडू नका, दादाने तेच केलं. बाबांच्या वर्षदिनाला तो येतो, मागे बसतो, कद्दिश म्हणत नाही, पण 'आमेन' सगळ्यांच्या आधी त्याचंच ऐकू येतं. ते कसं चालतं, हे यंदा त्याला तोंडावर विचारणार आहे.