इंग्रजी अडखळतं पण काम येतं : इंटरव्ह्यूबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी बार्शीची. बीकॉम झाल्यावर इथल्याच एका टॅक्स कन्सल्टंटकडे दोन वर्षं काम केलं, टॅली, जीएसटी सगळं हाताखालून गेलंय. आता चाकणच्या एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंटसाठी पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. यूट्यूबवर बघून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ पाठ केलंय पण आरशासमोर म्हणताना पण मधेच अडकते. मागे एका ठिकाणी सगळं येत असून तोंडातून शब्द फुटला नाही. इंग्रजीची तर भीतीच वाटते. कॉन्फिडन्स कसा आणू?

उत्तर : अगं, सगळ्यात आधी ते पाठांतर सोड. पाठ केलेलं माणूस ओळीने म्हणतं आणि समोरच्याने मधेच ‘बरं, टॅलीमध्ये काय काय केलंत?’ असं विचारलं की ओळ तुटते, मग पुढचं काहीच आठवत नाही. मागच्या वेळी तुझं हेच झालं असणार.

समोर कोण बसलेलं असतं याचा जरा विचार कर. बहुतेक वेळा कंपनीचा अकाउंट्स मॅनेजर असतो, महिनाअखेर त्याच्या डोक्यावर, एक माणूस सोडून गेलेला, आणि त्याला एवढंच बघायचं असतं की या मुलीच्या हातात सोमवारी काम दिलं तर ती करेल का. म्हणून तू केलेली तीन कामं निवड आणि प्रत्येक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आकड्यांसकट सांगायची तयारी कर. मला विचारशील तर कॉन्फिडन्स यातूनच येतो, कारण स्वतःच्या हाताने केलेलं काम पाठ करावं लागत नाही.

बँक रिकन्सिलिएशन घे, म्हणजे आपल्या हिशोबातलं आणि बँकेच्या स्टेटमेंटचं बॅलन्स जुळवणं, ते हमखास विचारतात. पुस्तकातली व्याख्या सांगू नकोस, उदाहरणच सांग. समज टॅलीत बँकेचं बॅलन्स ४,८०,००० दिसतंय आणि स्टेटमेंटला ५,०४,४१०. आपण एका सप्लायरला ३०,००० चा चेक दिला, त्याने तो अजून बँकेत टाकलाच नाही, म्हणून बँकेत ३०,००० जास्त. एका कस्टमरचा ५,००० चा चेक आपण शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरला, तो अजून जमा नाही, म्हणून ५,००० कमी. आणि बँकेने चार्जेस म्हणून ५९० कापले त्याची एंट्री आपल्याकडे नाही. झाला हिशोब बरोबर. आता त्यापुढे जा आणि न विचारता सांग की यातल्या पहिल्या दोन गोष्टींना एंट्री लागत नाही, त्या आपोआप जुळतील, एंट्री फक्त ५९० ची करायची, त्यात ५०० चार्ज आणि ९० जीएसटी, म्हणजे ते ९० इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा करून, घ्यायला बघायचे. आणि तो ३०,००० चा चेक तीन महिन्यांपेक्षा जुना झाला तर बँक घेणार नाही, तेव्हा सप्लायरला फोन करून विचारायचं आणि एंट्री उलटवायची. एवढं नीट बोललीस ना की समोरच्याला कळतं ही मुलगी स्टेटमेंट घेऊन बसलेली आहे, मग इंग्रजी थोडं इकडेतिकडे झालं तरी तो ऐकून घेतो.

दुसरं काम, जीएसटीचं. तारखा जिभेवर असू देत, दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) २० पर्यंत, मधे १४ तारखेला २बी, म्हणजे सप्लायरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते. टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा, पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा विमा) १५ पर्यंत. पण नुसत्या तारखा कुणीही सांगेल. तू दोन वर्षांत सप्लायरला फोन करून ‘साहेब तुमचं बिल आमच्या २बी मध्ये दिसत नाही, तुम्ही भरलंय का’ असं विचारलं असशीलच, तो किस्सा सांग, बिल कशामुळे दिसत नव्हतं, जीएसटी नंबर चुकला होता का पुढच्या महिन्यात टाकलं होतं, आणि तू ते कसं सोडवलंस.

आता एक गोष्ट जी तुला कन्सल्टंटकडे कदाचित बघायला मिळाली नसेल. छोट्या दुकानदारांना ई-इनव्हॉइस लागत नाही, ते ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना लागतं, त्यामुळे चाकणच्या कंपनीत ते रोजचं असायची शक्यता खूप. बिल सरकारी पोर्टलवर गेलं की त्याला आयआरएन नंबर आणि क्यूआर कोड मिळतो, एवढं तरी समजून जा. तसंच जॉब वर्क. ऑटो पार्ट्सवाले माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवतात, तो चलनावर जातो आणि कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर ती विक्री धरून टॅक्स लागतो. हे वाचून जा आणि विचारलं तर सरळ सांग, ‘मी हे स्वतः केलेलं नाही पण कसं चालतं ते वाचलंय.’ खोटं बोलून ‘हो हो केलंय’ म्हणू नकोस, पुढच्याच प्रश्नाला पकडतात.

इंग्रजीचं बोलू. अकाउंट्समधले निम्मे शब्द इंग्रजीच आहेत, डेबिट नोट, लेजर, आउटस्टँडिंग, ते तू रोज बोलतेस. सुरुवातीची दोन-तीन वाक्यं इंग्रजीत बोल, नाव, शिक्षण, काम किती वर्षं केलं, आणि मग शांतपणे विचार, ‘सर, कामाचं मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?’ चाकणमध्ये बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. नाही म्हणाले तर तोडक्यामोडक्या इंग्रजीतच बोल पण आकडे आणि क्रम सोडू नकोस. आणि तयारी आरशासमोर नको, एखाद्या मैत्रिणीला फोन लाव आणि तिला वरचं बँकेचं उदाहरण समजावून सांग. तिला कॉमर्समधलं काही कळत नसेल तर उत्तमच, तिला समजलं म्हणजे तुझं सांगणं जमलं.

आणखी एक, बार्शीहून त्याच दिवशी पहाटे निघू नकोस. आदल्या दिवशी पुण्यात कुणाकडे तरी मुक्काम कर. भोसरी-मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तास कसा जातो कळत नाही आणि घामाघूम होऊन पोचलं की येत असलेलं पण विसरायला होतं.

प्रश्न : नमस्कार. मी नाशिकची, वय ३८. लग्नाआधी आणि नंतर मिळून नऊ वर्षं पेरोलचं, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार काढायचं, काम केलं, मुलगी झाल्यावर सहा वर्षं घरी आहे. परत सुरुवात करतेय पण दोन ठिकाणी ‘मग मुलीला कोण सांभाळणार?’ हाच प्रश्न आला आणि मी गडबडले. गॅपचं काय सांगू?

उत्तर : तुम्ही गडबडलात यात तुमचं काही चुकलं नाही, चुकीचा तो प्रश्नच आहे. वडील असलेल्या उमेदवाराला तो कुणी विचारत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यातच भरती करताना बाई म्हणून भेदभाव करायला मनाई होती आणि आताच्या वेतन संहितेतही लिंगावरून भेदभाव चालत नाही. पण तिथे खुर्चीत बसून कायदा काढायचा का, हा तुमचा निर्णय. नोकरी हवी असेल तर एका वाक्यात संपवा, ‘घरची व्यवस्था झालेली आहे, ऑफिसच्या वेळेची मला अडचण नाही.’ आजी बघणार की पाळणाघर, याचं स्पष्टीकरण देऊ नका, तिथून पुढे प्रश्न वाढतच जातात. वाक्य संपलं की लगेच कामावर या.

आणि कामावर यायला तुमच्याकडे भरपूर आहे, कारण या सहा वर्षांत पेरोल बरंच बदललंय. इन्कम टॅक्सची नवीन करप्रणाली २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर कर्मचाऱ्याने सांगावं लागतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांचा प्रोफेशनल टॅक्स कापायचा नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचं गणित बदलतं, बऱ्याच कंपन्या त्यासाठी सॅलरी स्ट्रक्चर बदलतायत. हे नीट अभ्यासून जा. गॅपबद्दल विचारलं की सांगा, ‘सहा वर्षं मुलीसाठी घरी होते, या काळात पेरोलमध्ये काय बदललं ते मी बघितलंय’ आणि यातला एक बदल सविस्तर सांगा. नऊ वर्षांचा अनुभव आहे तुमचा, ज्याने दर महिन्याला शेकडो माणसांचे पगार वेळेवर काढलेत त्याने मान खाली घालून बसायचं काही कारणच नाही.

पगाराचा आकडा विचारतील तेव्हा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यातला फरक तुम्हाला माहितीच आहे. कंपनीचा पीएफचा वाटा आत धरलाय का ते विचारून मगच आकडा बोला.

प्रश्न : बीडहून लिहितोय. फोनवर दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू झाला, सिलेक्ट झालो म्हणाले, आता लॅपटॉप आणि ट्रेनिंगसाठी ४,५०० रुपये भरा, जॉइन झाल्यावर परत देऊ असं म्हणतायत. भरू का?

उत्तर : नाही, एक रुपयासुद्धा नाही. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. आधार, पॅन, ओटीपी काहीच पाठवू नकोस. पैसे आधीच गेले असतील तर हे वाचून झाल्या झाल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लाव, जितक्या लवकर तक्रार तितकी ते पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त, आणि त्यांचे मेसेज, यूपीआयचा स्क्रीनशॉट काहीही डिलीट करू नकोस.