विचारा, सांगते : नर्मदाकाठचा रोजचा दिवस

(या अंकातली उत्तरं देताहेत साताऱ्यात 38 वर्षं शिवणकाम करणाऱ्या आमच्या एक वाचक. साठी उलटल्यावर त्यांनी नर्मदेची पायी परिक्रमा केली.)

येत्या कार्तिकात परिक्रमेला निघायचं मनात आहे. वय 57. अनुभव पुष्कळ वाचले, पण सगळे दर्शनाचे आणि साक्षात्काराचे. उठल्यापासून झोपेपर्यंत माणूस करतो काय, ते कुणी लिहीत नाही. सांगाल का?
– एक वाचक, चिपळूण

ताई, निघायच्या आधी मीही हेच विचारत हिंडले होते. मला मिळालेलं उत्तर एकच, "मैया सांभाळते." ते खरंच आहे. पण ओले कपडे आपल्यालाच वाळवावे लागतात, आणि माझे 142 दिवस त्या कपड्यांच्या वाळण्यावर चालले.

अंगावर एक जोड, पिशवीत एक. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालात की थंडी सुरू झालेली असते. संध्याकाळी मुक्कामावर पोचून कपडे धुतले आणि रात्री बाहेर टाकले, तर पहाटे दवानं आणखी जड झालेले मिळतात. पहिले चार दिवस मी ओलसर सलवार घालून चालले. मांड्या अशा सोलवटल्या की पाय फाकवून चालावं लागलं. पाचव्या दिवशी क्रम बदलला. उजाडल्यावर निघायचं, अकरा-साडेअकराला सावली, पाणी आणि ऊन तिन्ही असेल तिथे थांबायचं. आंघोळ, कपडे पिळून दगडांवर, पाय उघडे करून उन्हात, जेवण, घटकाभर झोप. दोनला पुन्हा चाल. उरलेला ओलावा वाळायला कपडे मोठ्या पिनांनी पाठीवरच्या पिशवीला लावायचे. साबण नदीत नाही. लावायचाच तर बादलीत पाणी घेऊन लांब जायचं.

ही दुपारची थांबणूक सोडू नका. सोबतचे पुढे गेले तर जाऊ द्या, संध्याकाळी तेच भेटतात.

सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. आश्रम, धर्मशाळा, देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा, कधी कुणाचं घर. "नर्मदे हर" म्हटलं की आतून विचारतात, "कितनी मूर्ती?" माणसं मोजत नाहीत, मूर्ती मोजतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गप्पच झाले. 38 वर्षं लोकांची मापं घेतली, मला कुणी मूर्ती म्हटलं नव्हतं.

मग आसन लावायचं, म्हणजे अंथरूण. मी जुन्या चादरीची खोळ शिवून नेली होती, आत शिरलं की कुणाच्या नजरेचा प्रश्न नाही. कुपीतल्या नर्मदाजलाची पूजा, आरती, जेवण. कुठे तयार प्रसादी मिळते, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची. तीन दगड मांडून आपणच शिजवायचं. जाड टिक्कड आतून कच्चा राहतो, म्हणून मी पातळ भाकरीच थापायची. मोबाइल चार्जिंगला सगळ्या दालनात एकच प्लग असतो. पॉवर बँक न्या, भांडणं टळतात.

शौचाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. बऱ्याच ठिकाणी सोय आहे. नसेल तिथे अंधार असताना, नदी आणि ओढ्यापासून चांगलं दूर, लहान खुरप्यानं खड्डा करून, नंतर बुजवून. मुक्कामाच्या घरातल्या बाईला विचारा, ती सोबत येते.

शूलपाणीच्या झाडीबद्दल जरा जास्त सांगते. बडवानीनंतरचा हा डोंगराळ भाग. काही वाट आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून जाते. जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलंय आणि काठावरची किती गावं त्याच पाण्यानं उठवली. तिथे एका पावरा आदिवासी बाईनं आम्हा तिघींना मक्याची भाकरी आणि चटणी वाढली. मी दुसरी भाकरी मागणार होते, तेवढ्यात नजर कोपऱ्यातल्या कणगीकडे गेली. तळाला होती. ताई, अशा घरात पोटभर मागू नका. जवळ गूळ-शेंगदाणे ठेवा, ते त्यांच्या पोरांना द्या. माझ्याकडे सुई-दोरा होता. तिच्या पोलक्याची बगल उसवली होती, ती मी दुहेरी टीप घालून दिली. ती मिनिटभर शिवण ओढून बघत राहिली आणि शेजारणीला बोलावून आणलं. त्या दिवशी मी पाच पोलकी शिवली आणि पुढे निघालेच नाही.

ओझ्याचं थोडक्यात. मी 9 किलो घेऊन निघाले, बडवानीतून 3 किलो पार्सलनं घरी पाठवले. पिशवीला कमरेचा पट्टा हवाच, भार खांद्यावर नको. बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, एक नंबर मोठे घ्या. माझ्या दुकानदारानं "चालून चालून सैल होतील" म्हणून घट्ट बूट दिले आणि माझी दोन नखं गेली.

काकू, मला 75 दिवसांची रजा मिळतेय. रोज 40 किलोमीटर चाललो तर परिक्रमा होईल ना?
– वय 26, पुणे

कागदावर होईल रे. नदी 1,312 किलोमीटर, दोन्ही काठ धरून 2,624, वर धरणांना आणि डोंगरांना घातलेले वळसे. तू 3,000 चालशील. पण समुद्राजवळ कठपोरहून पलीकडे मिठीतलाईला नाव जाते ती भरती पाहून. तिथे मी दोन दिवस बसून होते. पुढे एकदा पोट बिघडलं, तीन दिवस गेले. तुझ्या हिशोबात असे पाच दिवस कुठे आहेत? आणि 40 किलोमीटर करायचे तर दुपारी थांबता येत नाही, म्हणजे ओल्या मोज्यांनी चालणं आलं. मग फोड, आणि फोडावर फोड.

रजा वाया घालवू नकोस. चैत्रात गुजरातेत रामपुरा–तिलकवाडा इथे उत्तरवाहिनी परिक्रमा असते, एका दिवसाची. नदी तिथे उत्तरेकडे वळते. ती करून ये, पायांना विचार. मग खंड-खंड करत मोठी कर, तशीही रीत आहे. जिथे थांबलास तिथूनच पुढे सुरू करायचं आणि नदी कायम उजव्या हाताला. मला तू पूर्ण करून आलेला हवा आहेस, लंगडत परत आलेला नको.

यजमानांना मधुमेह आहे. वाटेवरच्या खाण्याचं कसं जमेल?
– एक वाचक, परभणी

चहा दिवसातून सहा-सहा वेळा समोर येतो आणि तो गोडच असतो. आधीच "बिना शक्कर" म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. मात्र रोज वीस-बावीस किलोमीटर चालल्यावर साखर एकदम उतरू शकते. गोळ्यांचं प्रमाण निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खिशात खडीसाखर ठेवा, आणि त्यांना एकट्यानं पुढे जाऊ देऊ नका.

तुम्ही चालण्यासाठी खास सलवार शिवलीत असं ऐकलं. कशी बेतली?
– एक वाचक, डोंबिवली

हा प्रश्न यावा असं मनापासून वाटत होतं. कापड निव्वळ सुती नको, वाळायला अर्धा दिवस घेतं. टेरीकॉट, म्हणजे सुती-पॉलिएस्टर मिश्र घ्या, फिका रंग. सगळी घासाघीस आतल्या शिवणीनं होते, म्हणून मांडीची शिवण उलटी घेऊन बाहेरच्या अंगाला आणली आणि वरून पट्टी मारली. दोन पायांच्या मध्ये चौकोनी कळी घातली, म्हणजे चढावर ताण येत नाही. इलॅस्टिकऐवजी रुंद नाडी, कारण माझी कमर चार महिन्यांत तीन इंच उतरली. खिसा आतून, चेनचा. आणि कापड आधी दोन पाण्यांत भिजवून, आटवून मगच कात्री लावा.