कॉलेजची टीम सतत हरत असेल तर चाहत्यानं काय करायचं?

प्रश्न असा होता: "अमेरिकेत शिकायला आलोय. आमच्या युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम एकामागून एक सामने हरतेय आणि सिनियर मंडळी कोचला काढा म्हणून पेटलीत. कॉलेजच्या टीमचं एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? आणि चाहत्यानं करायचं तरी काय? ओरडायचं, जाणं बंद करायचं, की गप्प बसून साथ द्यायची?"

मी मूळचा कोल्हापूरचा. 2011 पासून केंटकीतल्या लुईव्हिल शहरात आहे. एमएस इथेच केलं, नोकरी इथेच लागली आणि लुईव्हिल युनिव्हर्सिटीची लाल जर्सीतली कार्डिनल्स ही माझी टीम झाली. 2022 ते 2024 या दोन हंगामांत ही टीम 12 सामने जिंकली आणि 52 हरली. त्यातले घरचे बहुतेक सामने मी जाऊन बघितले. त्यामुळे तुमच्या सिनियरांचा राग मला आतून माहीत आहे.

मनाला का लागतं, ते आधी सांगतो. केंटकी राज्यात एनबीएची, म्हणजे बड्या व्यावसायिक लीगची, टीमच नाही. कर्नल्स नावाची व्यावसायिक टीम लुईव्हिलमध्ये होती, ती 1976 मध्ये बंद झाली. मे महिन्यात घोड्यांची डर्बी होते, सगळं जग दोन दिवस इथे येऊन जातं, आणि मग नोव्हेंबर ते मार्च या गावाला स्वतःचं म्हणावं असं एकच काहीतरी उरतं, ते म्हणजे कॉलेजचं बास्केटबॉल. कोल्हापुरात ज्यानं शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या तालमीची फुटबॉल मॅच बघितली आहे त्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. ती टीम कुणी विकत घेतलेली नसते. ती आपल्या गल्लीची असते, त्यामुळे ती हरली की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर उभं राहणं अवघड जातं. इथे चहाच्या गाडीऐवजी ऑफिसमधलं कॉफीचं मशीन, एवढाच फरक. आणि शेजारच्या लेक्सिंग्टन शहरात केंटकी युनिव्हर्सिटी, निळ्या जर्सीतले आमचे जुने प्रतिस्पर्धी, म्हणजे कायमचा निळा शेजार.

त्यात लुईव्हिलला मोठा वारसा आहे. डेनी क्रम इथे 1971 ते 2001 अशी 30 वर्षं कोच होते. 1980 आणि 1986 अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी आणली. तिसरं 2013 मध्ये आलं. त्या एप्रिलच्या रात्री मी विद्यार्थी होतो. मिशिगनला 82-76 हरवल्यावर कॅम्पसजवळच्या रस्त्यावर अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून ओरडलो होतो. पुढे वसतिगृहातल्या एका गैरप्रकारावरून एनसीएएनं, म्हणजे कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, ते विजेतेपदच रद्द केलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये छताला टांगलेला फलक उतरवला गेला. पुरुष बास्केटबॉलच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, राष्ट्रीय विजेतेपद काढून घेण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून स्टेडियममध्ये शिरलो की माझी नजर आधी वर त्या मोकळ्या जागेकडे जाते.

अशा घरात मार्च 2022 मध्ये केनी पेन कोच म्हणून आले. ते 1986 च्या विजेत्या टीममध्ये पहिल्या वर्षाचे खेळाडू होते. पुढे दहा वर्षं लेक्सिंग्टनला सहायक कोच, मग एनबीएच्या न्यूयॉर्क निक्समध्ये. लुईव्हिलच्या पुरुष बास्केटबॉलचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच, ही गोष्ट या शहरात छोटी नव्हती. जुने खेळाडू परत येऊ लागले. घरचा मुलगा घर सावरायला आला, अशीच सगळ्यांची भावना होती, माझीसुद्धा. त्यांनी कुठल्याच टीमचं मुख्य कोचपद आधी सांभाळलेलं नव्हतं, हे तेव्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही. बोलायला हवं होतं.

हंगामाआधीच्या सरावसामन्यातच लेनॉर-राइन या डिव्हिजन टूच्या कॉलेजकडून टीम हरली. मग खऱ्या हंगामाचे पहिले तीन सामने, तिन्ही घरच्या मैदानावर, तिन्ही एकेका गुणानं गेले: बेलारमिन 66-67, राइट स्टेट 72-73, ॲपलाचियन स्टेट 60-61. बेलारमिन म्हणजे आमच्याच शहरातलं छोटं कॅथलिक विद्यापीठ, डिव्हिजन वनमध्ये येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यांचे तेव्हाचे कोच पूर्वी लुईव्हिलचेच सहायक होते आणि त्यांची टीम आमच्या जुन्या फ्रीडम हॉलमध्ये खेळायची. आम्ही 22,000 खुर्च्यांच्या नव्या स्टेडियममध्ये, ते आमच्या जुन्या घरात, आणि जिंकले ते.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथूनच येतं. वरच्या मजल्यावर माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसतात. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो. फ्रीडम हॉलपासूनचे तिकीटधारक. एका कानात रेडिओचं समालोचन, मांडीवर स्पायरलची वही, हातात पेन्सिल. मला आधी वाटायचं स्कोअर लिहितात. त्या दिवशी नीट बघितलं तर ते पास मोजत होते. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात गेला की एक उभी रेघ. शॉट मारला की रेघा संपल्या, पुढची ओळ. पान मधोमध दुमडलेलं, डावीकडे आपण, उजवीकडे ते.

उजवीकडे सहा-सहा, सात-सात रेघांच्या ओळी होत्या. बेलारमिनची पोरं उंचीला कमी, पण चेंडू कुणाच्या हातात दोन क्षणांपेक्षा जास्त राहत नव्हता. एक जण बाहेर येतोय असं दाखवायचा, आमचा बचाव करणारा त्याच्या मागे बाहेर यायचा आणि तो तिथूनच मागे वळून बास्केटखाली मोकळा. डावीकडे आमच्या ओळी होत्या: एक रेघ. दोन रेघा. एक. एल एलिस चेंडू घेऊन यायचा, बाकीचे चौघे आपापल्या जागी उभे राहून त्याच्याकडे बघायचे आणि शेवटी त्यालाच दोघा-तिघांमधून घुसावं लागायचं. तो जिवाच्या आकांतानं खेळत होता. पण मुळात तो गुण करणारा गार्ड, टीम चालवणारा पॉइंट गार्ड नव्हे, आणि तसा दुसरा कुणी टीममध्ये आणलेलाच नव्हता.

राग येतो तो याचा. हरण्याचा नाही. ताकद कमी पडून हरलं तर चाहता दुसऱ्या दिवशी सावरतो. पण नोव्हेंबरमध्ये जो गोंधळ दिसतो तोच जानेवारीत दिसला, तीच चूक, तोच खेळाडू त्याच कोपऱ्यात हात वर करून "माझा माणूस कोणता?" असं विचारतोय, तर मग सरावात होतंय काय, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न कोचसाठीच असतो आणि तो विचारणं यात काही गैर नाही. तुमच्या टीमचा पुढचा सामना बघाल तेव्हा स्कोअरबोर्ड थोडा वेळ विसरा आणि पास मोजा. टाइमआउटनंतरचा पहिला डाव बघा, कारण तो कोचनं नुकताच आखून दिलेला असतो. त्यातही पोरं गोंधळलेली दिसत असतील तर तुमच्या सिनियरांचा राग जागच्या जागी आहे.

त्या वर्षी टीम पहिले नऊ सामने हरली. पहिला विजय डिसेंबरच्या मध्यात वेस्टर्न केंटकीविरुद्ध. शेवटी 4 विजय, 28 पराभव. लुईव्हिलच्या इतिहासात इतके पराभव एका हंगामात कधीच झाले नव्हते. पेन यांच्या बाजूनं सांगण्यासारखंही होतं आणि ते मी तेव्हाही सांगायचो. एनसीएएच्या दुसऱ्या एका चौकशीचा निकाल नोव्हेंबर 2022 पर्यंत टांगणीला होता, तोवर नावाजलेली शाळकरी पोरं इकडे यायला कचरत होती. डीजे वॅगनरचं घ्या. त्याचे आजोबा मिल्ट वॅगनर हे 1986 च्या टीममधले, पेन यांचे सहकारी, आणि त्यांना लुईव्हिलनं कोचच्या हाताखाली नोकरीही दिली होती. तरी नातू गेला लेक्सिंग्टनला, निळ्या जर्सीत. त्या दिवशी आमच्या गटात कुणी जेवलं नसेल असं मला वाटतं.

पण दुसऱ्या वर्षी ही सबब पुरेनाशी झाली. निकाल लागला होता, पुढच्या स्पर्धांवर बंदीही आली नव्हती. आणि कॉलेज बास्केटबॉलचे नियम पार बदललेले होते. 2021 पासून खेळाडूला एक वर्ष न थांबता दुसऱ्या कॉलेजात जाऊन लगेच खेळता येतं, आणि स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. म्हणजे पूर्वी टीम बांधायला चार वर्षं लागायची, आता एका उन्हाळ्यात टीम उभी राहू शकते. ऑक्टोबर 2023 मध्ये पुन्हा सरावसामन्यात पराभव, या वेळी केंटकी वेस्लियनकडून. डिसेंबरमध्ये अर्कान्सॉ स्टेटनं घरी येऊन 75-63 हरवलं. आणि ख्रिसमसच्या तोंडावर लेक्सिंग्टनवाले आमच्या मैदानावर आले, 95-76. पराभवापेक्षा मला दुसरंच लागलं. आमच्या लोकांनी तिकिटं विकून टाकली होती आणि खालच्या मजल्यावर सलग रांगाच्या रांगा निळ्या होत्या. घरच्या अंगणात पाहुण्यांचा जयघोष ऐकत बसलो होतो.

आजोबा त्या दिवशी आले होते. मध्यंतराला त्यांनी वही मिटली, पेन्सिल स्पायरलमध्ये खोचली आणि उरलेला सामना नुसता बघितला. पुढच्या महिन्यात त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. तुम्ही विचारलंत ना, जाणं बंद करावं का? पैसे मोजणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे, आणि कॉलेजचा क्रीडा विभाग घोषणांपेक्षा रिकाम्या खुर्च्या लवकर वाचतो. सीझन तिकिटाचं नूतनीकरण नाकारा, का नाकारताय ते दोन ओळींत सभ्यपणे लिहून कळवा. सोशल मीडियावरच्या शंभर शिव्यांपेक्षा ती दोन वाक्यं वरपर्यंत पोहोचतात. पण विद्यार्थी म्हणून तुमचं तिकीट बहुधा फुकट किंवा स्वस्त असणार, तेव्हा तुम्ही मात्र जा. तुमच्याच वर्गातली पोरं खाली खेळताहेत. 2013 ला गर्दीत नाचायला मी होतो, म्हणून 2023 ला रिकाम्या रांगेत बसणं मला माझं काम वाटलं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. राग खेळाडूंवर काढू नका. कोच मोठा माणूस असतो, करारावर सही करून, मोठा पगार घेऊन आलेला असतो, त्याच्या कामावर बोलता येतं. समोरचा पोरगा 19 वर्षांचा असतो. सप्टेंबर 2023 मध्ये केंटकीत खेळांवरची सट्टेबाजी कायदेशीर झाली, फोनवरून पैसे लावता येऊ लागले, आणि मग आपले पैसे बुडाले म्हणून लोक खेळाडूंना रात्री-बेरात्री जे मेसेज पाठवू लागले ते वाचवत नाहीत. त्याला कुणी चाहता म्हणू नये. कोचच्याही घरापर्यंत, बायकामुलांपर्यंत जाऊ नका. "हे काम त्यांना जमलेलं नाही" एवढं म्हणून थांबता येतं. केनी पेन या शहरावर प्रेम करणारे सज्जन गृहस्थ आहेत असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. आणि तरीही त्यांना बदलायला हवं, असं मी जानेवारी 2024 पासून उघड म्हणत होतो. या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या मनात एकत्र राहू शकतात. मला त्याचा त्रास फार झाला, पण राहू शकतात.

मार्च 2024 मध्ये एसीसी या आमच्या विद्यापीठगटाच्या स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना काढलं. हंगाम 8 विजय, 24 पराभव. सहा वर्षांच्या करारातली दोन वर्षं झाली होती. त्या बातमीनं मला आनंद झाला नाही. 1986 च्या टीमच्या फोटोत मागे उभा असलेला तो उंच पोरगा आठवत राहिला. त्यांचे गुरू डेनी क्रम त्याच्या आदल्या मे महिन्यात गेले होते.

पुढे चार्ल्सटन कॉलेजहून पॅट केल्सी कोच म्हणून आले. टीम जवळजवळ पूर्ण नवी, बाहेरून आलेली, आणि चकी हेपबर्न नावाचा अस्सल पॉइंट गार्ड. तो हंगाम 27-8 असा संपला, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण मला सांगायचंय ते हंगामाच्या दुसऱ्याच सामन्याबद्दल. 9 नोव्हेंबर 2024, घरचं मैदान, समोर टेनेसी. 77-55, म्हणजे 22 गुणांनी हरलो. पेन यांच्या काळातल्या कितीतरी पराभवांपेक्षा मोठा पराभव.

आजोबा परत आले होते. नवी वही, तीच पेन्सिल. शॉट पडत नव्हते, एकामागून एक बाहेर जात होते, पण डावीकडच्या ओळी लांब होत होत्या. चार रेघा. पाच. सहा, आणि बाहेर. पाच, आणि बाहेर. शेवटची दोन मिनिटं लोक कोट चढवून जिन्याकडे निघाले होते, माझ्यापुढची रांग रिकामी झाली होती, आणि आजोबा चष्मा कपाळावर सरकवून, वही डोळ्यांजवळ धरून अजून रेघा मारत होते. हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी पान उलटलं आणि वर पुढच्या सामन्याची तारीख लिहिली.