आठवीच्या मुलांसाठी ऑनलाइन गणित स्पर्धा: पर्पल कॉमेट द्या, पण टीम करून

ताई, मुलगी आठवीत आहे, स्कॉलरशिपचं चालूच आहे, आणि दरवेळी फी भरून मेडल आणायच्या परीक्षांपेक्षा वेगळं ऑनलाइन काय देता येईल असं विचारलंय तुम्ही. मी आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या टीम बसवतो, त्यामुळे बिनधास्त सांगतो, पर्पल कॉमेट द्या. अमेरिकेतली स्पर्धा आहे, टिटू आंद्रेस्कू आणि जोनाथन केन या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी 2003 मध्ये सुरू केली, फी अजिबात नाही, एप्रिलमध्ये असते. मिडल स्कूलला, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांना, 60 मिनिटांत 20 प्रश्न, हायस्कूलला 90 मिनिटांत 30.

एका टीममध्ये जास्तीत जास्त सहा मुलं. एकट्याने पण देता येते, पण नका देऊ, कारण खरं शिकणं मुलं आपसात भांडतात तेव्हाच होतं. वेगवेगळ्या शाळांतली मुलं एकत्र आली तरी चालतं, त्यांचा गट वेगळा धरतात. एक मोठं माणूस सुपरवायझर लागतं, त्याने रजिस्टर करायचं, वेळ पाळायची आणि गणितात तोंड घालायचं नाही. फोन सगळ्यांचे दुसऱ्या खोलीत, हे तुम्हालाच बघावं लागेल, कारण वरून कोणी लक्ष ठेवायला येत नाही.

आपल्या मुलांना जड जातं ते वेगळंच. इथे स्टेप्सचे मार्क नाहीत, उत्तर म्हणजे फक्त एक पूर्णांक संख्या टाइप करायची, बरोबर किंवा चूक, विषय संपला. सरावाला मी हे देतो: 1 ते 1000 मध्ये अंकांची बेरीज 5 येईल अशा संख्या किती? हमखास कोणीतरी पटकन 15 म्हणतं आणि ते अगदी बरोबर वाटतं पण, मग दुसरं कोणीतरी म्हणतं अरे 14 आणि 23 कुठे गेले, तेव्हा कळतं की फक्त तीन अंकी संख्या मोजल्यात, दोन अंकी पाच आणि नुसता 5 राहिलाच, म्हणजे 21. एकटं मूल 15 टाकून पुढे गेलं असतं. म्हणून आमचा नियम असा की प्रश्न एकाने सोडवला की दुसऱ्याने त्याची वही न बघता सोडवायचा, दोघांचं जुळलं तरच टाइप करायचं.

अजून एक, अपूर्णांकात उत्तर असलं की ते एम भागिले एन अतिसंक्षिप्त रूपात मांडून एम अधिक एन विचारतात. सहा अष्टमांश आलं आणि 14 टाकलं की प्रश्न गेला, तीन चतुर्थांश करून 7 टाकायचं. बारकी गोष्ट आहे पण यावर चांगली चांगली मुलं घसरतात.

तयारीसाठी क्लास वगैरे नको. जुने पेपर उत्तरांसकट त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, रविवारी एक पेपर घड्याळ लावून, आणि मग न सुटलेले प्रश्न आठवडाभर पुरवून पुरवून. शेवटचे चार-पाच प्रश्न खरंच अवघड असतात, ते सुटले नाहीत म्हणून मुलीला काही बोलू नका. ही सवय पुढे आयओक्यूएमला, म्हणजे आपल्याकडच्या गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेला, पण कामाला येते, तिथेही 30 प्रश्न आणि उत्तर 00 ते 99 मधली संख्या, फक्त ती ऑफलाइन, एकट्याने आणि तीन तासांची.

अडचण एकच, एप्रिल म्हणजे आपल्याकडे वार्षिक परीक्षा. पण दहाएक दिवसांची खिडकी असते, त्यातला एक तास आपण निवडायचा. त्यामुळे टीम जानेवारीतच जमवा, त्या वर्षीचे नियम नीट वाचा, आणि सहा मुलांच्या सहा शाळांची वेळापत्रकं हातात आली की लगेच तारीख पक्की करून टाका. आणि पेपरच्या दोन-तीन प्रिंट काढून ठेवा, एका लॅपटॉपभोवती सहा डोकी बसत नाहीत.