मोठा यूपीएस घेण्याआधी आहे त्याच्या बॅटऱ्या लोडवर तपासून घ्या

तुमचा ३ केव्हीएचा ‘ऑनलाइन’ प्रकारचा (उपकरणांना सतत स्वतःतूनच वीज देणारा) यूपीएस, वय चार वर्षं, लोड म्हणजे त्यावरच्या उपकरणांची मागणी साधारण ११०० वॉट, डिस्प्लेवर बॅकअप २५ मिनिटं; आणि वीज गेल्यावर सर्व्हर दोन मिनिटांत बंद. म्हणून आता ५ केव्हीएचा घ्यायचा म्हणताय. घाई करू नका. यूपीएस एका वेळी किती लोड उचलेल, ते केव्हीए सांगतं. किती वेळ उचलेल, ते बॅटऱ्यांवर ठरतं. तुमचा लोड बसतोय, वेळ मिळत नाहीये.

माझा संशय सरळ बॅटऱ्यांवर आहे. अशा यूपीएसमधल्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात, तेही खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय त्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक अशा साखळीत, जोडलेल्या असतात, त्यामुळे एक जरी बसली तरी अख्खा संच बसतो. नुसता व्होल्टमीटर लावून समाधान मानू नका. बारा व्होल्टची मेलेली बॅटरीही लोड नसताना साडेबारा व्होल्ट दाखवू शकते. डिस्प्लेवरची मिनिटं हा अंदाज असतो, आणि बॅटरी म्हातारी झाल्याचं त्याला बऱ्याचदा कळलेलंच नसतं.

सुट्टीच्या दिवशी सर्व्हर नीट बंद करा, यूपीएसवर तेवढ्याच वॉटचा दुसरा लोड लावा, मेन्स म्हणजे बाहेरून येणारी वीज तोडा आणि दर मिनिटाला प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज लिहून काढा. जी इतरांच्या आधी झपाट्याने खाली येईल, ती गेलेली. हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. सिरीजमधल्या बॅटऱ्यांचा एकत्रित डीसी व्होल्टेज जीवघेणा असू शकतो. बदलताना पूर्ण संच बदला. जुन्यांत एक नवी घातली की तीही लवकर जाते.

दुसरं म्हणजे यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावून आपोआप शटडाउन चालू करा. डेटा खराब होतो तो वीज गेल्यामुळे नव्हे, लिहिणं अर्ध्यावर तुटल्यामुळे. हे एवढं महत्त्वाचं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नेटवर्क स्विच (संगणकांना नेटवर्कने जोडणारी पेटी) यूपीएसच्याच सॉकेटवर आहे ना, तेही बघा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर नको.

आपोआप सुरू होणारा जनरेटर असेल तर तो लोड घेईपर्यंतचे दहा-पंधरा सेकंदच यूपीएसला सांभाळायचे असतात, पण त्यावर विसंबण्याआधी त्याची स्टार्टरची बॅटरी तपासा. मी एका ठिकाणी टाकी भरलेली, इंजिन उत्तम आणि तरी जनरेटर मुका उभा राहिलेला पाहिलाय. कारण एवढंच, स्टार्टरची बॅटरी गेलेली. आणि दर महिन्याला तो रिकामा फिरवू नका, लोड देऊन चालवा. डिझेल इंजिन कमी लोडवर सतत चाललं की आत काजळी धरतं.

चाचणी झाली की बॅटरीनिहाय आकडे इथे टाका, मग नुसता संच बदलायचा की यूपीएसमधला चार्जरही बघायचा ते ठरवू.