तू स्पानची बाजू वाच

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेसबॉलचा सामना एक-शून्यने हरलास आणि आता पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणं, सोडतो म्हणतोस, असं कानावर आलं. सोडायचं की नाही ते तू ठरव. त्याआधी एका जुन्या सामन्याचा हिशेब माझ्यासोबत बघ.

२ जुलै १९६३, सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. यजमान जायंट्सकडून हुआन मारिशाल, डॉमिनिकन रिपब्लिकचा, वय २५, डावा पाय पार डोक्याच्या वर नेऊन चेंडू टाकणारा. समोर मिलवॉकी ब्रेव्हजचा डावखुरा वॉरन स्पान, वय ४२. नऊ इनिंगचा खेळ सोळाव्या इनिंगपर्यंत गेला, पण दोघांपैकी एकही पिचर बदलला गेला नाही. चौथ्या इनिंगमध्ये ब्रेव्हजचा नॉर्म लार्कर रन पूर्ण करायला होमप्लेटवर पोचणार, तेवढ्यात विली मेजची सेंटरफिल्डमधून थ्रो आली आणि तो तिथेच बाद झाला. नवव्यात विली मॅकोवीने चेंडू उजवीकडे मैदानाबाहेर भिरकावला. पंचांनी फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेल्याचा, निर्णय दिला, जायंट्सना ते अजिबात पटलं नाही. स्पानने तर सातव्यात स्वतः बॅट घेऊन मारिशालला डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, ठोकला होता!

मॅनेजर ॲल्विन डार्क मारिशालला विश्रांती द्यायला बघत होते. समोरचा बेचाळीस वर्षांचा माणूस टाकतोय तोवर मी हटणार नाही, असं त्याने सांगितलं म्हणतात. शेवटी सोळाव्यात, एक बाद असताना, स्पानचा एक स्क्रूबॉल, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला वळणारा चेंडू, हवा तसा वळला नाही आणि मेजने होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर. १-०.

सगळे मारिशालचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. तू मात्र स्पानची बाजू वाच. २०१ चेंडू, ४६ बाद, आणि त्यांत स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, फक्त २. वॉक, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकल्याने बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस, एकच, तोही मेजला मुद्दाम दिलेला. तरुणपणीचा वेग ओसरल्यावर त्याने स्क्रूबॉल आणि स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) कमावले होते. बॅटरची वेळ चुकवणं हेच पिचरचं काम, असं तो मानायचा. बॅटरला मारू द्यायचं, पण त्याच्या मनासारखं नाही. बाकीचं फिल्डर बघतात. त्याच वर्षी त्याने २३ सामने जिंकले. कारकिर्दीत ३६३, डावखुऱ्या पिचरांत आजही सर्वाधिक.

तुझ्या सामन्याचं स्कोअरबुक मी मागवून पाहिलं. तो एक रन फटक्यातून सुरू झालाच नव्हता, वॉकमधून झाला. दोन स्ट्राइक झाल्यावर तू तिसरा सगळ्या ताकदीने मिळवायला गेलास आणि चेंडू बाहेर पडत राहिले. तुझे फिल्डर तुझ्या मागे उभे होते, तू त्यांच्याकडे काम जाऊच दिलं नाहीस. याचं मला फार वाईट वाटलं, कारण तुझा हात चांगला आहे, खरंच चांगला आहे.

एक गोष्ट मात्र या सामन्यातून मुळीच उचलू नकोस. मारिशालने त्या रात्री २२७ चेंडू टाकले. तुझा खांदा अजून वाढीला लागलेला आहे. कोचने बाहेर ये म्हटलं की वाद न घालता चेंडू हातात द्यायचा.

रविवारी सकाळी ये, कॅचरलाही घेऊन ये. वेग मोजायचा नाही. बाहेरच्या कडेवर, गुडघ्याच्या उंचीला संथ चेंडू कसा ठेवायचा तेवढंच करू.

तुझे,
सर